कोरडे तीन महिने

"असं लिव्हर चालणार नाही," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी स्कॅनची फिल्म उजेडासमोर धरली. "ही सगळी चरबी. किती वर्षं पिताय?"

"असतील पंधरा," पॉलिशवाला म्हणाला.

"अठरा," शेजारच्या खुर्चीतून त्याची ताई म्हणाली. ती शाळेत गणित शिकवायची. आकडा चुकलेला तिला खपत नसे.

डॉक्टरांनी कागद पुढे ओढला. दारूचा थेंबही नाही. तळलेलं, मैदा, साखर बंद. रोज तासभर चालायचं. वजन नऊ किलो उतरवायचं.

"यकृत मोठं गुणी असतं," ते म्हणाले. "सवड दिली तर स्वतःला सावरतं. तीन महिन्यांनी परत बघू. जास्त वेळ आपल्याकडे नाही."

बाहेर आल्यावर ताई बाकावर टेकली. भर उन्हात तिनं अंगावर शाल ओढली होती.

"नको वाटत असेल तर आत्ताच सांग. मी रागवायची नाही."

"तू आणि रागवायची नाहीस? आज सूर्य कुठून उगवला?"

ती हसली नाही. आई गेल्यावर तिनंच त्याला लहानाचा मोठा केला होता, पोटाला घालून आणि पाठीत धपाटे घालून. दारू लागल्यावर मात्र तिनं त्याला दाराबाहेर काढलं. सात वर्षं भावाबहिणीचं बोलणं नव्हतं. आता ती त्याच्याकडे बघत होती आणि तो रस्त्याकडे.

"करतो गं," तो म्हणाला.

पहिला आठवडा जिवावर आला. हात असे कापत की ब्रश सरळ फिरेना. रात्री अंथरूण घामानं भिजे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, त्यावर त्यानं दिवस ढकलले. त्यात लाकडी सामानाला पॉलिश करायचं कामच स्पिरिटमधलं. लाखेच्या पॉलिशचा डबा उघडला की तोंडाला पाणी सुटे. त्यानं नाकाला फडकं बांधलं.

"नवरी दिसतोस," कारखान्यातला जोडीदार म्हणाला.

"तोंड दाखवायला पैसे घेईन," तो फडक्याआडून म्हणाला.

उकडलेल्या भाज्या, डाळ, एक अंडं, बिनसाखरेचा चहा. रोज संध्याकाळी ताईचा फोन यायचा. काय खाल्लंस, किती चाललास, वजन किती. शाळेतून रजा घेतल्यापासून हा एकच विद्यार्थी तिच्या तावडीत सापडला होता.

महिनाभरानं एका सकाळी पोटात काहीतरी ओढल्यासारखं झालं. तो घाबरला. मग लक्षात आलं, ही भूक आहे. सकाळी भूक लागते, हेच तो विसरला होता. छातीतली जळजळ कधी थांबली तेही कळलं नव्हतं. पट्ट्याला त्यानं खिळ्यानं नवं भोक पाडलं.

दुसऱ्या महिन्यात घात झाला. एका मोठ्या कपाटाचं काम पार पडलं आणि गिऱ्हाइकानं खूश होऊन बाटली पाठवली. जोडीदारानं दोन ग्लास भरले. "एकानं काय होतंय," तो म्हणाला. पॉलिशवाल्यानं एक घेतला. मग दुसरा घेतला.

संध्याकाळी फोन वाजला तेव्हा तो कारखान्याच्या पायरीवर डोकं धरून बसला होता. खोटं बोलणं सोपं होतं. अठरा वर्षं तेच तर केलं होतं.

"ताई, मी प्यायलो."

आता शिव्यांची लाखोली वाहणार म्हणून त्यानं फोन कानापासून दूर धरला. पण काहीच ऐकू आलं नाही, तसा परत कानाला लावला.

"बरं झालं सांगितलंस," ती हळू आवाजात म्हणाली. "उद्या डॉक्टरांनाही सांग. लपवू नकोस."

"ते परत पहिल्यापासून मोजायला लावतील."

"लावू देत. मी थांबेन."

तिनं शिव्या घातल्या असत्या तर त्यानं कदाचित उरलेली बाटलीही रिचवली असती. त्या दोन शब्दांनी मात्र त्याला हुंदका आवरेना. त्यानं बाटली मोरीत उपडी केली. जोडीदार हळहळत बघत राहिला.

डॉक्टरांनी खरोखरच पहिल्यापासून मोजायला लावलं. पुन्हा तीन महिने. तो सकाळीही चालू लागला आणि संध्याकाळीही. कुत्री ओळखीची झाली. वजन नऊ नाही, अकरा किलो उतरलं. कारखान्यातून परतताना तो दारूच्या दुकानावरून न जाता लांबच्या रस्त्यानं वळायचा. वळसा पडला तरी तासाचा हिशेब भरतो, असं स्वतःला सांगायचा.

शेवटच्या स्कॅनला ताईला तिचा नवरा हाताला धरून घेऊन आला. पॉलिशवाला तिच्या शेजारी बसला, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.

डॉक्टरांनी नवी फिल्म बराच वेळ न्याहाळली. मग चष्मा काढला.

"स्वच्छ," ते म्हणाले. "आता चालेल."

ताईनं तोंडाला पदर लावला. पॉलिशवाल्यानं इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. डोळे हळदीसारखे पिवळे पडले होते.

"सोमवारी दोघांनीही दाखल व्हा," डॉक्टर तिला म्हणाले. "याचं अर्धं यकृत तुम्हाला पुरेल."