नववा कुठं गेला?

भागूबाईने पुन्हा मोजलं. आठच भरले.

"नववा कुठं गेला?"

ओटीवर तिच्या नातीने, उन्नतीने, शाळेसाठी सूर्यमाला मांडली होती. सगळी घरच्या वाडीतली. मोठा लाल भोपळा म्हणजे गुरू. त्याहून जरा लहान भोपळा शनी, त्याला केळीच्या खोडाच्या सोपाचं कडं. दोन पेरू युरेनस आणि नेपच्यून, दोन आवळे पृथ्वी आणि शुक्र. मंगळाला वाटाणा, बुधाला मिरी. सूर्याच्या मापाचं फळ तर तालुक्याच्या होळी बाजारातही मिळालं नसतं, म्हणून घराचं दारच सूर्य ठरलं होतं. त्या दारात हरेश उभा होता, उन्नतीचा बाप.

"आठच असतात, आजी."

"तुजा बाप ह्याच ओटीवर घोकायचा तेव्हा नऊ होते. एक कोनी पळवला?"

भागूबाईला संशय घ्यायला निमित्त लागत नसे. ती तराजूचा संशय घेई, टेम्पोवाल्याचा घेई, पाव ताजा आहे म्हणणाऱ्या ग्लेनचा तर रोज घेई. आज संध्याकाळी मात्र तिचा संशय घरातच घुटमळत होता. हरेशने स्वतःहून तिचे गुडघे कसे आहेत म्हणून विचारलं होतं. ती जवळ आली की त्याचं फोनवरचं बोलणं आटपत होतं. आणि त्याच्या चपलांना लाल माती होती. त्यांच्या वाडीची माती काळी. लाल माती डंपरमधून येते, आणि येते ती काहीतरी बुजवायलाच.

"पळवला नाही गं. प्लूटो होता तो. त्याला काढला."

"का? काय केलं त्यानं?"

"ग्रहाने आपल्या वाटेतला कचरा साफ करायचा असतो. ह्याने नाही केला."

"म्हनून घराबाहेर?"

"बाहेर नाही. सूर्याभोवती फिरतोय अजून. फक्त त्याला ग्रह म्हणायचं नाही, बटुग्रह म्हणायचं. पाच चंद्र आहेत त्याला."

"पाच चंद्रांचा धनी, आनि ग्रह नाय!" भागूबाईने पेरू उचलून वास घेतला आणि परत ठेवला. "कोनी ठरवलं?"

"शास्त्रज्ञांनी. मीटिंग झाली ना त्यांची. हात वर करून मतं दिली."

हरेश पुढे आला. "उन्नती, आवर आता. शनीची भाजी करायचीय," तो हसत म्हणाला. त्याचं हसू भागूबाईला मुळीच आवडलं नाही.

"थांब जरा. त्या प्लूटोला बोलवलं होतं मीटिंगला?"

उन्नतीला हसू आवरेना. "तो कसा येणार, आजी? सूर्याभोवती एक फेरी मारायलाच त्याला अडीचशे वर्षं लागतात."

"म्हनजे त्याला येता येनार नाय, हे बघूनच ठरवलं."

ती हे बोलली उन्नतीशी, पण बघत होती हरेशकडे.

"रविवारी मला तुज्या बहिनीकडे, जागृतीकडे, आचोळ्याला धाडलंस. ती म्हनाली, आई, आज कशी अचानक आलीस? तवा माज्या ध्यानात नाय आलं. परतताना शेजारच्या गॉडफ्रेच्या ओट्यावर खुर्च्या मांडलेल्या दिसल्या, ती तुमची मीटिंग होती ना? बावखल बुजवायची?"



वाडीच्या टोकाला बावखल होतं, गोड्या पाण्याचं सामाईक तळं. गॉडफ्रे, ऑस्कर, डेरिक आणि भागूबाई, या चार घरांचं. उन्हाळ्यात चारी घरं आत उतरून गाळ काढायची आणि केळीच्या बुंध्यांना घालायची. हल्ली कोणी उतरत नव्हतं. पण बोअरचं पाणी खारं झाल्यापासून वाडी त्या एका पाण्यावर उभी होती. ते गेलं तर वाडी गेली. आणि वाडी गेली तर सकाळी उठायचं कशासाठी, हे भागूबाईला कळलं नसतं.

"आई, कोण बावखल म्हणेल त्याला?" हरेश म्हणाला. "किती वर्षं गाळ काढला नाही कोणी. नुसता खड्डा झालाय, मच्छर होतात. बुजवला तर चारी घरांच्या गाड्या तरी लागतील. सगळेच हो म्हणाले."

"कदी बुजवनार?"

"सकाळी डंपर येतोय. एक येऊन गेला, कोपऱ्यावर माती टाकून."

"हिस्सा माज्या नावावर हाय. मला का नाय इचारलं?"

"तू ऐकलं नसतंस."

हे मात्र खरं होतं, आणि म्हणूनच ते भागूबाईला जास्त लागलं. सगळ्या गावाचा संशय घेऊन झाला होता, पोराचा घ्यायची वेळ येईल असं तिला वाटलं नव्हतं.

"तू हात वर केलास?"

हरेश चपलांची लाल माती पायरीला घासू लागला. उन्नतीचं हसू आता गेलं होतं. भोपळा मांडीवर घेऊन ती बापाकडे बघत होती.

"पप्पा, केलात?"

"केला," तो म्हणाला.

भागूबाई गुडघ्यांवर हात देऊन उठली. परसात गेली, फावडं आणि घमेलं घेऊन आली. तिला रडू येत होतं आणि ती ते लपवतही नव्हती. घमेलं तिने हरेशच्या पायांशी ठेवलं.

"चल, अजून उजेड हाय," ती म्हणाली. "वर केलेला हात आता गाळात घाल."