चौकशीची खिडकी

बाईंनी तोंड उघडलं आणि आतून नुसती हवा आली. घसा खाकरून त्यांनी पुन्हा जोर लावला. पुन्हा हवाच. दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसलेली भाजीवाली त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"झालं! चौकशीबाईंचा आवाज बसला," औषधं देता देता डॉक्टरीण म्हणाली. "आल्यापासून ह्या बोलतायत आणि आम्ही ऐकतोय. घसा तरी किती सोसेल बिचारा!"

सगळे हसले. बाईही हसल्या, पण मुक्यानं.

बाईंची सारी नोकरी बसस्थानकातल्या चौकशीच्या खिडकीत गेली होती. माणसानं "ती पहाटेची..." एवढं म्हणायचा अवकाश, की उत्तर तयार. फलाट, वेळ, भाडं, सगळं. प्रश्न पुरा ऐकायची गरजच कधी पडली नाही. निवृत्त झाल्यावर त्या चर्चच्या मंडळींबरोबर मिशनच्या दौऱ्यांवर जाऊ लागल्या. शेजारी म्हणाले, या वयात हे काय खूळ! खोटं नव्हतं ते. गुडघे कुरकुरत होते, प्रवासानं पाय सुजून चपलेत मावत नव्हते. पण घरात बसून न वाजणाऱ्या फोनकडे बघत राहण्यापेक्षा हे परवडलं. मोफत दवाखान्याच्या रांगेत बसलेल्यांना धीर द्यायचं काम त्यांच्याकडे होतं. कुणी दुःख सांगायला तोंड उघडलं, की बाईंचं बायबलमधलं वचन हजर. खिडकी बदलली होती, बाई त्याच होत्या.

फोन वाजत नव्हता त्यालाही हेच कारण. लेकीचं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं, तेव्हा तिनं हॉस्पिटलमधून फोन केला होता. "आई, बाळ..." एवढंच ती बोलली. बाईंनी देवाची इच्छा, देवाची योजना, एक वचन, त्यावर दुसरं, सगळं एका दमात सांगून टाकलं. मग लेक म्हणाली, "आई, तुझी खिडकी बंद कर आता." फोन ठेवला, तो ठेवलाच. दुसरं वर्ष सरत आलं होतं. आपलं चुकलं कुठे, हे बाईंना अजून कळत नव्हतं. त्यातला एक शब्द तरी खोटा होता का?

भाजीवालीनं बोलायला सुरुवात केली. तिचा कर्ता मुलगा ट्रकखाली गेला होता. अशा वेळचं वचन बाईंना तोंडपाठ. ते जिभेवर आलंसुद्धा, पण आवाजच नाही तर बाहेर पडणार कसं? भाजीवाली क्षणभर थांबली. समोरून काही येत नाही असं बघून पुढे बोलू लागली.

"त्या सकाळी आमचं वाजलं होतं बाई. मीच म्हटलं त्याला, मर एकदाचा, सुटेन मी."

आवाज असता तर हे वाक्य आपल्या कानावर पडलंच नसतं, हे बाईंना त्याच क्षणी कळलं. त्यांनी भाजीवालीचा हात धरला आणि तिचं संपेपर्यंत सोडला नाही.

उठताना भाजीवालीनं डोळे पुसले. "ज्याला सांगायला जावं तो म्हणतो, तुझा काय दोष. मग पुढचं पोटातच राहतं. आज सगळं बाहेर पडलं बघा."

ती गेली. बाई बाकावर तशाच बसून राहिल्या. त्यांना फार फार थकल्यासारखं झालं. इतक्या वर्षांत किती जणांचं पुढचं वाक्य आपण पोटात ढकललं असेल? आणि लेकीचं?

दुसऱ्या दिवशीही त्या दिवसभर बाकावर गप्प बसल्या. माणसं येत होती, बोलत होती, जात होती. संध्याकाळी औषधांची खोकी आवरताना फोन वाजला. लेकीचा होता. बाईंनी तो घाईनं कानाला लावला.

"आई, तुमच्याबरोबर आलेल्या चर्चच्या पाळकबाईंनी कळवलं, तुझा आवाज पार गेलाय म्हणून. बोलायला जाऊ नकोस." लेक जरा अडखळली. "खरं सांगू? म्हणूनच केला फोन. ऐकतेयस ना? एक टिचकी मार."

बाईंनी फोनवर टिचकी मारली.

"मुलगी होती, आई. ते सांगायचंच राहिलं बघ. डोक्यावर दाट केस होते, अगदी तुझ्यासारखे. नर्सनं विचारलं, घेता का जरा हातात? मी नको म्हटलं. भ्याले गं. आता रोज वाटतं, घ्यायला हवं होतं."

बाईंच्या डोळ्यांतून धारा लागल्या. असू दे गं. देव सगळं जाणतो. ती प्रभूच्या कुशीत आहे. तिन्ही उत्तरं ओठांशी येऊन उभी राहिली. बाईंनी खालचा ओठ दातांत घट्ट धरला आणि टिचकी मारली. लेक रडली, बोलली, पुन्हा रडली. बाई टिचक्या मारत राहिल्या.

"उद्या करू पुन्हा?" शेवटी तिनं विचारलं. "अजून पुष्कळ आहे."

टिचकी.

डॉक्टरीण बॅटरी घेऊन आली. "आ करा बघू. काय नशीब म्हणायचं! इतक्या दिवसांनी लेकीचा फोन यावा आणि तुम्हाला दोन शब्द बोलता येऊ नयेत!"

"आवाज सकाळीच आलाय," बाई म्हणाल्या. अगदी खणखणीत.

डॉक्टरीण बघतच राहिली. "अहो, मग बोलला का नाहीत?"

"हळू!" बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. "लेकीचं बोलून व्हायचंय अजून."