टकल्या बाद

टकल्यानं पुन्हा पाचशे चाळीस लिहिलं आणि त्याचा दरवाजा उघडलाच नाही.

"बाबा, बघा ना, एक्केचाळिसावी वेळ," वाघीण म्हणाली आणि मोबाइल बाबांच्या डोळ्यांसमोर धरला.

वाघीण हे तिचं खेळातलं नाव. वर्गात तिला भोपळा म्हणत, कारण सहामाहीला गणितात तिला तेवढाच मिळाला होता. पण ती गोष्ट तीन महिन्यांपूर्वीची. आता फळ्यावर गणित आलं की सगळ्यात आधी हिचा हात वर, आणि जिनं ते नाव ठेवलं होतं तीच मधल्या सुट्टीत गुपचूप वही पुढे सरकवायची.

सगळी किमया या खेळाची. दहा दरवाजांचा बुरूज, आणि समोर टकल्या, तुळतुळीत डोक्याचा लोखंडी गडी. दोघांनी एकमेकांना गणितं घालायची, उत्तर बरोबर आलं की दरवाजा उघडतो, जो आधी वर पोहोचेल तो जिंकला. आमचं यंत्र माणसासारखं चुकतं, अशी जाहिरातच होती त्यांची. लागोपाठ पन्नास वेळा हरवलं की ते यंत्र बाद, त्याच्या जागी नवं, आणि तुमचं नाव सोनेरी पाटीवर.

टकल्या तसा पक्का होता. हातचा कधी विसरायचा नाही. पण सात आणि आठ समोरासमोर आले की घोडं पेंड खायचं. सात आठे छप्पन्न हे दुसरीतलं पोरही सांगेल, टकल्याचं आपलं चोपन्न. हरणाऱ्याला खेळ खरं उत्तर दाखवत नाही, नुसती लाल फुली मारतो, त्यामुळे आपण कुठे मार खातोय हे त्याला कळत नसावं. वाघीण नऊ दरवाजे साधी गणितं घालायची. दहाव्याला सत्तर गुणिले आठ, नाहीतर सातशे गुणिले ऐंशी. दर वेळी तेच चोपन्न, फक्त पुढची शून्यं कमीजास्त.

रोज सव्वाचारला तो दहा मिनिटं गायब व्हायचा. यंत्र तापत असेल, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

शाळेतून आल्यावर आई येईपर्यंत बाबांजवळ बसायचं, हे तिचं काम. वर्षापूर्वी झटका आला आणि बाबांचं उजवं अंग गेलं, बोलणंही गेलं. उरला डावा हात. तिचं उत्तर बरोबर असलं की ते गादीवर दोनदा बोट आपटत. पूर्वी तिचं गणित तेच घ्यायचे. आई वहीच्या वाऱ्यालाही उभी राहायची नाही. भाजी करपतेय असं सांगून निसटायची, भाजी चिरायची बाकी असली तरी.

आईचं ऑफिस म्हणजे एक लांबलचक खोली, साठ खुर्च्या, संगणकाचे साठ पडदे. दिवसभर आकडे टाकायचे. कसले आकडे ते घरी सांगायचं नाही, अशी सही घेतली होती. त्या नोकरीबरोबर एक कार्ड मिळालं होतं आणि त्या कार्डावर बाबांच्या गोळ्या मिळत. गोळी थांबली की दुसरा झटका, आणि तो शेवटचा, हे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. म्हणून आई त्या खुर्चीला जिवापाड जपायची. गेल्या महिन्यात तिच्या रांगेतल्या तिघींना काढलं. चुका मोजतात गं, एवढंच ती म्हणाली होती, आणि त्या रात्री जेवली नव्हती.

टकल्याचं चोपन्न बाबांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते हसले होते. इतके, की तिला त्यांची हनुवटी पुसावी लागली. कित्येक महिन्यांनी हसले, म्हणून तिनं मुद्दाम तोच डाव पुन्हा दाखवला. आणि पुन्हा. पण आठवड्याभरात त्यांचं हसू आटलं. मोबाइल हातात घेतला की ते घशातून कसलासा आवाज काढत आणि तिचं मनगट धरत. रोज तोच विनोद, कंटाळणारच की, असं तिला वाटलं.

पन्नासावा डाव सोमवारी आला. नऊ दरवाजे सरले. तिनं सातशे गुणिले ऐंशी घातलं, आणि ते पाठवण्याआधीच बाबांचा डावा पंजा पडद्यावर पडला.

"बाबा, आता नाही हं. एकच तर राहिलाय."

पंजा हलेना. ती हसतहसत एकेक बोट सोडवत गेली. करंगळी सगळ्यात चिवट निघाली.

टकल्यानं वेळ घेतला. मग लिहिलं, चोपन्न हजार.

लाल फुली आली. तो बुरुजाच्या पायऱ्यांवरून टणाटण आपटत खाली गेला आणि खड्ड्यात दिसेनासा झाला. टकल्या बाद. सोनेरी पाटीवर वाघीण झळकली. तिनं वळून पाहिलं, तर बाबांनी तोंड भिंतीकडे केलं होतं. बोट आपटलं नव्हतं.

आई रोज सातला यायची. त्या दिवशी साडेपाचलाच आली. हातात कापडी पिशवी, आणि पिशवीत तिचा ऑफिसातला कप, पाठीमागची उशी आणि थंडी वाजते म्हणून तिथे ठेवलेला स्वेटर.

बातमी वाघिणीच्या जिभेवर होती. ती तिनं गिळली आणि मोबाइल पाठीमागे धरला.

"नियम आहे त्यांचा," आई म्हणाली. "कार्डही काढून घेतलं."

ती रडली नाही. बाबांच्या उशाशी बसली, कपाळावरून हात फिरवला. बाबा बायकोकडे बघत होते, मग मुलीकडे, पुन्हा बायकोकडे. आईनं खण ओढला, गोळ्यांच्या पट्ट्या काढून चादरीवर ओळीनं मांडल्या आणि बोटानं मोजल्या. सात. एक पट्टी उजेडात धरून तिच्यातल्या गोळ्या मोजल्या. आठ. मग डोळे मिटून ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटली.

"रोजची एक," आई म्हणाली. "म्हणजे चोपन्न दिवस आहेत आपल्याकडे."