दगडावरचं नाव

रविवारची प्रार्थना बुडवायची, दिवेलागणीला फुटका ओठ घेऊन घरी यायचं आणि वर "अभ्यास करत होतो" म्हणून आईलाच शेंडी लावायची, ही योझेफची तऱ्हा सुझानाला महिनाभर खुपत होती. एकोणीसशे सोळा सालच्या ओहायोत, पोलाद कारखान्यांच्या गावात, लोकांचे कपडे धुऊन तिने त्याला कॉलेजात घातलं होतं.

सोमवारी बटाटे सोलायला तिने वर्तमानपत्र पसरलं आणि तिचा हात थांबला. तिला एकाच नावाची अक्षरं ओळखता यायची. थोरल्याच्या थडग्यावर ती दर आठवड्याला त्यांवरून बोट फिरवायची. माटुश. कारखान्याच्या भट्टीत गेलेला तिचा मुलगा पेपरात छापून आला होता.

"हे काय आहे?" तिने पेपर योझेफपुढे धरला.

योझेफची मान खाली गेली. "मी पैसे घेऊन तो धडकाधडकीचा फुटबॉल खेळतो. कॉलेजला कळलं तर काढून टाकतील, म्हणून सगळेच खोटं नाव लावतात. आडनाव दुसरंच लावलं, नाव दादाचं. काल सगळं मैदान त्याचं नाव घेऊन ओरडत होतं, आई."

सुझानाला रडू आलं नाही, रागही आला नाही. ती सोलत राहिली. बटाटा सुपारीएवढा झाला तरी सुरी थांबेना.

"या नावाचा एक मुलगा मी पुरलाय," ती शेवटी म्हणाली. "उद्या तुझी मान मोडली तर दगडावर काय कोरू? कॉलेजात जा, पेपरातला तो खेळाडू मीच म्हणून स्वतःचं नाव सांगून ये. हाकललं तर हाकललं. कपडे पिळायला मला आणखी दोन हात मिळतील."