सुखरूप पोचली

"मूर्ख माणसं!" केयाने लॅपटॉप धाडकन मिटला. "चांगुलपणाने मारलं बिचारीला."

अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या विद्यापीठात ती गुलामगिरीविरोधी चळवळीतल्या लोकांच्या जुन्या पत्रांवर काम करायची. रविवारीही तिची त्यातून सुटका नव्हती. समोर आई, दीपा, मेथी निवडत बसली होती. शेजारी अनसूयामावशी.

"काय झालं गं?" दीपाने विचारलं.

"हे लोक एकमेकांची लेटर्स सरळ पेपरमध्ये छापायचे, आई. बाकीच्यांना धीर यावा म्हणून. एकाने मित्राला लिहिलं, हॅना पळून आली, अमक्याच्या फार्मवर सुखरूप पोचली. मित्राला इतका आनंद झाला, की त्याने गावाच्या नावासकट छापलं. मालकही पेपर वाचायचाच ना! आला आणि घेऊन गेला."

"अगं बाई! एवढंही कसं कळलं नाही त्यांना?"

मावशींनी मेथीची पुढची जुडी उचलली. त्या स्वतःच काल पळून आल्या होत्या. देवदत्त आणि इशिता या इथल्याच जोडप्याने आपलं बाळ सांभाळायला त्यांना भंडाऱ्याहून आणलं, पासपोर्ट आपल्या कपाटात ठेवला आणि दोन वर्षं एकटीने दाराबाहेर पडू दिलं नाही. पगाराचं तर नावच नको. काल त्या बर्फातून नुसत्या चपलांवर देवळापर्यंत चालत गेल्या. तिथे केया भेटली. उद्या वकिलाकडे जायचं होतं. तोवर कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही, एवढंच ठरलं होतं.

बेल वाजली. केया दचकली. दीपा मात्र खुशीत उठली.

"बूट आले वाटतं!"

"कुठले बूट?"

"अगं, मावशींना. आपल्या मंडळाच्या बायकांच्या ग्रुपवर टाकलं सकाळी. मावशी केयाकडे सुखरूप पोचल्यात, थंडीचं काही एक्स्ट्रा असेल तर ड्रॉप करा म्हणून. सगळ्या घरच्याच आहेत गं."

मावशींच्या हातातली जुडी खाली पडली. "त्यात वहिनी बी हायेत," त्या म्हणाल्या.

दाराच्या काचेतून इशिता दिसली. कडेवर बाळ होतं. दीपाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. केया दारात आडवी उभी राहिली. "मावशी, आत जा तुम्ही. ती तुम्हाला जबरदस्तीने नेऊ शकत नाही. मी पोलिसांना कॉल करते."

खरंच होतं ते. इशितानेही काही जबरदस्ती केली नाही. ती नुसती उभी राहिली. बाळाने काचेतून मावशींना पाहिलं आणि दोन्ही हात पुढे करून टाहो फोडला.

मावशींनी केयाला हलकेच बाजूला केलं, कडी काढली आणि बाळाला पदराखाली घेऊन थेट गाडीकडे चालू लागल्या. मागच्या सीटवर बसताना त्यांनी एवढंच विचारलं, "वहिनी, कालपासनं पोर जेवलं का?"