किटलीचा पत्रा
शिनोलीच्या पुढं एका गोठ्याला चहाच्या जाहिरातीचा जुना निळा पत्रा ठोकलेला दिसला आणि मी जीप थांबवली. असले पत्रे मी कित्येक वर्षं जमवतोय, पण असा किटलीचं चित्र असलेला कुठंच मिळाला नव्हता. गोठ्याला लागूनच्या घरातली बाई दारातून रोखून बघत होती. "मावशी, पत्रा विकता का?" "गंजका पत्रा कशाला पायजे, सायेब?" "घरात भिंतीवर लावायला." तिला ते पटलं नाही. "न्हाई द्यायचा. आमचं गाव धरणात गेलं. तिथल्या दुकानाचं एवढंच ऱ्हायलंय." निदान माप तरी टिपून घ्यावं म्हणून मी टेप काढला. ती तरातरा जवळ आली. "काय मोजता?" "नुसतं मोजतोय." "धरणाच्या वक्तालाबी असंच म्हनले व्हते." तिनं कोयत्यानं खिळे उचकटले आणि पत्रा माझ्या हातात दिला. "पैसं नको. पत्रा न्या, पर घराला टेप लावू नका."