निळा पाव

मामाने दारात पाऊल टाकलं आणि भाचीने त्याला जीभ दाखवली. खोडी काढायची तिची ही नेहमीची रीत. मामानेही उलट दाखवायला तोंड उघडलं, पण ते उघडंच राहिलं. पोरीची जीभ निळी होती.

"काय गं, शाई प्यायलीस की काय?"

"छे. पाव खाल्ला."

मामाचं हसू जागच्या जागी विरलं. तो निळा रंग त्याच्या रोजच्या ओळखीचा होता. हमरस्त्यापलीकडच्या मोठ्या दुकानात तो नुकताच नोकरीला लागला होता. संध्याकाळी तारीख उलटलेला माल मागच्या आवारातल्या पिंपांत टाकायचा आणि त्यावर कपड्यांची नीळ कालवलेलं पाणी ओतायचं, हे त्याचं काम. फुकट मिळायला लागलं तर विकत कोण घेईल, असा मालकाचा हिशेब. आधीच्या माणसाला कामचुकार म्हणून काढलं, हे मॅनेजरने पहिल्याच दिवशी कानावर घातलं होतं. मामाने कामात कसूर ठेवली नाही. तो एकेक पिशवी फाडून आतपर्यंत ओतायचा. पिंपं उपसणारे असतील कुणी दारुडे नाहीतर ऐतखाऊ, याहून जास्त विचार त्याने केला नव्हता. नातेवाइकांना मात्र आपण त्या दुकानाच्या ऑफिसात आहोत असं सांगून तो मोकळा झाला होता.

तो तडक स्वयंपाकघरात गेला. या घरात खायची भ्रांत आहे असं कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी त्याला पटलं नसतं. एकसारख्या घरांची रांग, प्रत्येकापुढे हिरवळीचा तुकडा, ताईच्या दारात तर मोटारही उभी. आणि आत ताई नळाखाली पाव धरून उभी होती. ओट्यावर निळ्या कडांचा ढीग पडला होता.

ती दचकली. पाव लपवावा की तसाच धुवावा हे क्षणभर तिला कळेना. मग तिने नळ बंद केला.

"ये, बस."

"ताई, हे काय आहे?"

"दिसतंय तेच. यांचं काम सुटलंय."

"अगं, मग शाळेजवळ ते मदत केंद्र आहे ना? सामानाची पेटी देतात तिथे."

"मिळते की पेटी. महिन्यातून एकदा." ताईने सुरी हातात घेतली. "महिना फार लांब असतो रे."

"मला नाही का सांगायचं?"

"कसं सांगू? तुझी नवी नोकरी. तुझी बहीण तुमच्याच दुकानामागे पिंपात हात घालते हे कुणाला कळलं, तर काय किंमत राहील तुझी तिथे? तोंडाला रुमाल बांधून जाते मी."

मामा टेबलापाशी खुर्चीत बसला. निळीच्या डब्यावर ठळक छापलेलं असे, लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. तो रोज तो डबा उघडायचा.

"पोरीच्या पोटाला काही त्रास?"

"पहिल्यांदा दुखलं होतं. आता नाही दुखत."

पडसं बरं झाल्याचं सांगावं तशा सुरात ती बोलली.

"पूर्वी एवढं कापावं लागत नसे," ताई कडा काढता काढता म्हणाली. "आधीचा माणूस भला होता. वरच्या दोन पिशव्यांवर शिंपडायचा, खालचं तसंच ठेवायचा. आता कोण मेला आलाय कुणास ठाऊक. पिशव्या फाडून ओततो. कापत गेलं की शेवटी घासभर उरतं हातात." सुरी मध्येच थांबली. "तू ऑफिसात असतोस. तुझ्या ओळखीचा असेल तो. माझं नाव न घेता सांगशील का त्याला?"

"काय सांगू?" मामाने विचारलं.

"म्हणावं, तुझी नोकरी आहे, ओत बाबा. पण वरवर ओत."

सांगून टाकावं, असं त्याला वाटलं. दोनदा वाटलं. त्याने हात टेबलाखाली नेले आणि मांड्यांवर घट्ट दाबून धरले. भाचीला वाटलं मामाने तिच्यासाठी काहीतरी लपवून आणलंय. ती टेबलाखाली शिरली, त्याची मूठ ओढून बाहेर काढली, बोटं एकेक करून उघडली. हात रिकामा होता. मग तिला नखं दिसली. नखांच्या कडेकडेने निळं बसलं होतं, कितीही घासलं तरी न जाणारं. पोरीचा चेहरा खुलला.

"आई, मामापण हाच पाव खातो."

ताई वळली. तिने त्याच्या बोटांकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे. कळलं हिला, मामाच्या मनात आलं, आणि त्याला जरा हलकंही वाटलं. आता बोलेल ते ऐकून घ्यायचं. त्याने मान खाली घातली.

त्याने वर पाहिलं तेव्हा तिचे डोळे भरले होते.

"मला विचारतोस का नाही सांगितलं म्हणून. आणि तू रे?" ती म्हणाली. "केवढा वाळलायस. माझ्या कसं लक्षात आलं नाही."

पोरीसाठी बाजूला काढलेला पावाचा मधला तुकडा तिने बशीत घातला आणि त्याच्यापुढे सरकवला.

"खा आधी. हा आतला आहे. पांढरा आहे."